दादासाहेब फाळके : बडोद्याचे कलाभवन ते पुण्याचे संग्रहालय

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके सर्वांना ठाऊक आहेत. आपल्या बडोदेकर मराठी मंडळींना मात्र त्यांच्याविषयी थोडी जास्तच आपुलकी वाटते, कारण त्यांचा हात घडला तो इथे. त्यांनी केलेल्या कामातले आज काय उरले आहे आणि ते कसे उरले, हेही आपण जाणून घ्यायला हवे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्यावर ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले. सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या कलाभवनात प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांचे कसब ओळखले आणि छायाचित्रणाची प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे अशा अनेक विद्या त्यांनी आत्मसात केल्या. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेले. त्यानंतर सरकारी पुरातत्त्व खात्याची नोकरी, मग छपाईचा व्यवसाय असे वळण घेत ते चाळिशीला पोहोचले.

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांच्या कथा पडद्यावर आणायचा ध्यास त्यांनी घेतला. १९१२ साली लंडनला जाऊन ते तंत्र शिकून आले आणि कॅमेरा मागवला. पैसा उभा करायला दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. कोऱ्या फितीच्या कडांना छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामेही त्यांनीच शिकून घेतली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष कलाकाराने केले होते. ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच झाले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

पुढे भागीदारीतले वाद झाले, बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

नव्वदहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत, पण आज पाहायला मिळतात ते मोजकेच आणि बहुतेक तुकड्यांत. त्या काळची फीत नायट्रेटची. ती चटकन पेट घेते, उष्म्याने चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. शिवाय जुन्या फिती चांदी काढण्यासाठी विकल्या जात.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबापर्यंत जाऊन उरलेली रिळे मिळवली. अशा फितींचा जीर्णोद्धार हे फार चिकाटीचे काम असते. फीत स्वच्छ करायची, फाटलेली छिद्रे सांधायची, विस्कटलेली दृश्ये कथेच्या क्रमाने लावायची आणि मग एकेक चौकट सुरक्षित फितीवर उतरवायची. २००३ साली पुण्यात आग लागून अनेक मूळ नायट्रेट फिती जळाल्या. फाळक्यांच्या चित्रपटांच्या प्रती आधीच काढलेल्या होत्या, म्हणूनच ते आपल्याला आज दिसतात.

प्रतींइतक्याच नोंदीही महत्त्वाच्या असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ लांबी सुमारे ३,७०० फूट होती. हाती आहे तो भाग त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यातच १९१७ साली दादासाहेबांनी हीच कथा पुन्हा चित्रित केली होती. त्यामुळे उरलेला भाग १९१३ चा की १९१७ चा, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. प्रत्येक डब्यावर साल लिहिलेले असते तर हा प्रश्न उरलाच नसता. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही दादासाहेबांनी काढला होता. त्याचा काही भाग शिल्लक आहे आणि त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. आपल्या कामाची नोंद राहावी ही दृष्टी त्यांना होती.

आपल्या घरांतल्या माळ्यावरही जुने फोटो, काचेच्या निगेटिव्ह, लग्नाच्या फिती पडलेल्या असतील. सभासदांना आमची विनंती एवढीच की त्या टाकून देऊ नका. कोरड्या, थंड जागी ठेवा आणि घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून नाव, गाव, साल लिहून ठेवा.