कायदा ठाऊक नसलेल्या रयतेचा राजा

बडोद्यात राहून श्रीमंत सयाजीराव महाराजांविषयी नवीन काय सांगणार? पण त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला, बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला, फार जवळची वाटते.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली महाराणी जमनाबाईंना दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहितावाचता येत नव्हते. इलियट साहेबांनी अक्षरे शिकवली, दिवाण सर टी. माधवरावांनी राज्यकारभार. २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण अधिकार हाती आले.

राज्यातली बहुसंख्य रयत निरक्षर. कायदा माहीत नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही, हे तत्त्व सगळीकडचेच. आमच्याकडेही खातेदार कागद न वाचता अंगठा उठवायचे, म्हणून काही व्याज माफ होत नसे. पण ज्याला वाचताच येत नाही त्याने कायदा जाणायचा कसा? महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. म्हणजे अज्ञान दूर करायलाही कायदाच, आणि तो न पाळणाराही बहुधा अडाणीच! ही विसंगती त्यांना दिसली नसेल असे मला वाटत नाही.

खरी कसोटी १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने लागली. मुलीला बारा आणि मुलाला सोळा वर्षे ही मर्यादा होती. हजारो लोकांना दंड झाले. कित्येकांनी तो लग्नखर्चातच धरला. अशांना कायदा ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? ठाऊक असून पटला नव्हता. मात्र त्यांच्याच शेजारी खरोखर काहीच न कळलेला कुणबीही दंड भरत होता, आणि दोघांची पावती सारखीच. या दुसऱ्या माणसाबद्दल मला अजून वाईट वाटते.

महाराजांनी कायदा मागे घेतला नाही. १९१० पासून अमेरिकेहून बोलावलेल्या बॉर्डन साहेबांच्या हाताखाली गावोगाव ग्रंथालये उघडली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. १९३१ मध्ये ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला. त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती धरून आपल्याकडच्या भाषांतले प्रतिशब्द दिले आहेत.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले.