विश्लेषण : गॉडझिला स्वतःच्या पायांवर उभा का राहू शकत नाही? गॅलिलिओच्या शेवटच्या पुस्तकाची गोष्ट

जपानच्या योकोहामा बंदरात २०२० ते २०२४ या काळात १८ मीटर उंचीचा ‘गुंडम’ यंत्रमानव उभा होता. वजन सुमारे २५ टन. तो हात उचलत असे, गुडघे वाकवत असे, पाऊल टाकल्याचा आविर्भाव करत असे. पण कमरेमागून एका भक्कम पोलादी आधाराने त्याला धरून ठेवलेले होते. पडद्यावर मात्र १९५४च्या पहिल्या चित्रपटातला ५० मीटरचा गॉडझिला टोकियो तुडवत जातो आणि २०१३च्या ‘पॅसिफिक रिम’मधला ७९ मीटरचा यंत्रमानव समुद्रातल्या राक्षसांशी ठोसेबाजी करतो. पडद्यावर जमते ते बंदरात का जमत नाही, याचे उत्तर १६३८ साली छापून आले. लिहिणाऱ्याचे वय ७४, तो नजरकैदेत आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळा. गॅलिलिओ म्हटले की आपल्याला दुर्बीण आणि चर्चचा खटला आठवतो. राक्षसांचा हिशेब मात्र त्याने आयुष्यात दोनदा मांडला. एकदा तरुणपणी, एकदा अखेरीस.

सैतानाची उंची किती?

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतल्या पिसा येथे झाला. वडील विन्चेन्झो संगीतकार. मुलाने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा होती, पण मुलाचे मन गणितात रमले आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच त्याने पिसा विद्यापीठ सोडले. शिकवण्या करून दिवस काढत असताना १५८८ मध्ये त्याला फ्लॉरेन्सच्या अकादमीत दोन व्याख्याने देण्याची संधी मिळाली. विषय होता कवी दान्तेने वर्णिलेल्या नरकाचा आकार, जागा आणि मापे.

आज हे हास्यास्पद वाटेल, पण तेव्हाच्या फ्लॉरेन्समध्ये दान्तेचा शब्द अन् शब्द गांभीर्याने घेतला जाई. काव्यात एका राक्षसाच्या चेहऱ्याची तुलना रोममधल्या एका कांस्य सूचिफळाशी केलेली आहे. त्यावरून गॅलिलिओने त्या राक्षसाची उंची ४४ हात काढली, म्हणजे आजच्या मापात सुमारे २५ मीटर. तिथून प्रमाण लावत तो नरकाच्या तळाशी असलेल्या ल्युसिफरपर्यंत पोहोचला : १,९३५ हात. एक किलोमीटरहून उंच सैतान! गॉडझिला त्याच्या घोट्यालाही लागणार नाही.

पुढचा प्रश्न नरकाच्या छताचा होता. पृथ्वीच्या पोटात एवढी मोठी पोकळी, तर तिच्यावरचे छत कोसळत कसे नाही? गॅलिलिओने लहान घुमटाचे उदाहरण घेतले. त्याची रुंदी आणि जाडी यांचे जे प्रमाण, तेच मोठ्या छताला लावले आणि छत टिकेल असा निर्वाळा दिला. प्रमाण तेच, म्हणून मजबुतीही तीच, हे त्यात गृहीत होते. ते साफ चूक होते. पुढच्याच वर्षी त्याला पिसा विद्यापीठात गणिताचे अध्यापकपद मिळाले, पण ही व्याख्याने त्याने हयातीत कधीच छापली नाहीत. चूक लवकरच ध्यानात आली असावी आणि बळाच्या गणिताकडे तो त्यामुळेच वळला असावा, असा तर्क भौतिकशास्त्राचे अभ्यासक मार्क पीटरसन यांनी मांडला आहे. तो पटण्यासारखा आहे.

गोदीतल्या सुतारांना काय ठाऊक होते?

१५९२ मध्ये तो पादुआ विद्यापीठात गेला आणि तिथे १८ वर्षे राहिला. पादुआ व्हेनिसच्या राज्यात होते आणि व्हेनिसची ताकद होती ती तिच्या ‘आर्सेनल’ या अवाढव्य जहाजगोदीत. १५९३ मध्येच वल्ह्यांची जागा कुठे असावी, यावर गॅलिलिओचा सल्ला घेतला गेला होता. गोदीतल्या कारागिरांना एक गोष्ट अनुभवाने पक्की माहीत होती : मोठे जहाज पाण्यात उतरवताना त्याला लहान जहाजापेक्षा कितीतरी जास्त टेकू द्यावे लागतात, नाहीतर ते स्वतःच्याच वजनाने मोडते. भूमितीत लहान-मोठा त्रिकोण सारखाच. मग लाकडाला हा भेदभाव कशासाठी?

उत्तर लाडवावरून समजेल. लाडवाचा व्यास दुप्पट केला तर सारण आठपट लागते, पण तो मधोमध कापल्यावर दिसणारी चकती चौपटच मोठी असते. वजन सारणावर ठरते. खांबाची, तुळईची किंवा हाडाची ताकद त्या चकतीच्या क्षेत्रफळावर. माणूस जशाच्या तसा दसपट केला तर त्याचे वजन हजारपट होईल, हाडांचा छेद मात्र शंभरपटच वाढेल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दसपट भार. ५० मीटर उंचीच्या माणसाच्या बाबतीत हा भार सुमारे २८ पट होतो. दुसऱ्या माणसाला पाठीवर घेऊन जिना चढताना आपले काय होते ते आठवा. इथे तर पाठीवर सत्तावीस जण आहेत, आणि ते कधीच उतरणार नाहीत.

गॅलिलिओच्या डोक्यात हे सारे पादुआतच घोळू लागले होते. पण १६०९ मध्ये त्याने दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि पुढची वीसेक वर्षे आकाशाने खाल्ली. गुरूचे चंद्र, कीर्ती, फ्लॉरेन्सचे दरबारी पद, १६१६ची चर्चची ताकीद, १६३२चे ते वादग्रस्त पुस्तक आणि २२ जून १६३३ रोजी रोममध्ये गुडघे टेकून मागे घेतलेले मत. हा भाग सर्वांना माहीत आहे.

नजरकैदेत काय केले?

शिक्षेनंतर काही महिने सिएनाच्या आर्चबिशपनी, पिकोलोमिनींनी, त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. खचलेल्या पाहुण्याने तिथेच अर्धवट राहिलेले जुने काम पुन्हा हाती घेतले. वर्षअखेर त्याला फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील घरी जाऊ दिले, पण बाहेर पडायची मुभा नव्हती. जवळच्याच मठात त्याची मोठी मुलगी, जोगीण झालेली मारिया चेलेस्ते, राहत होती. खटल्याच्या काळात तिच्या पत्रांनीच त्याला सावरले होते. तो परतला आणि चार महिन्यांत, एप्रिल १६३४ मध्ये, ती अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेली.

आकाशाविषयी लिहायची बंदी होती. पण तुळया, हाडे आणि पडणाऱ्या वस्तूंवर बायबलचे काही म्हणणे नव्हते. ‘दोन नव्या विज्ञानां’वरचे हे पुस्तक तीन मित्रांच्या चार दिवसांच्या गप्पांच्या रूपात आहे आणि गप्पांना सुरुवात होते ती आर्सेनलच्या कारागिरांपासून. एका जाड संगमरवरी खांबाची गोष्ट येते. तो आडवा, दोन टोकांना आधार देऊन ठेवलेला. कुणीतरी हुशारी करून मधोमध तिसरा आधार घातला. कालांतराने एका टोकाचा आधार कुजून खचला, मधला मात्र घट्ट राहिला आणि खांब बरोबर मधल्या आधारावर मोडला. छोटा खांब असता तर काहीच झाले नसते.

मग येतात प्राणी. कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर वाहू शकेल, घोड्याला एक घोडाही पेलवणार नाही. मांजर उंचावरून पडून चालू लागते, घोडा त्याहून कमी उंचीवर हाडे मोडून घेतो. एका चित्रात साधे हाड आणि तिप्पट लांबीचे, पण तेच काम करू शकेल असे हाड शेजारी-शेजारी दाखवले आहे. मोठे हाड इतके जाड, की ते हाड वाटतच नाही. राक्षस माणसाच्या बांध्याचा असूच शकत नाही, हा त्याचा निष्कर्ष. एक तर हाडे फार कठीण पदार्थाची हवीत, नाहीतर बेढब जाड. अन्यथा तो आपल्याच भाराने कोसळेल. देवमासा एवढा वाढू शकतो, कारण पाणी त्याचे वजन तोलते, हेही त्याने सांगितले. १,९३५ हातांच्या सैतानाला पन्नास वर्षांनी मिळालेले हे उत्तर म्हणायला हरकत नाही, जरी पुस्तकात त्याचे नाव नाही.

यंत्रमानवाला हा नियम लागू होतो?

होतो. पोलाद हाडापेक्षा मजबूत असल्याने मर्यादा थोडी पुढे सरकते, एवढेच. १९२६ मध्ये जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी याच नियमाने गोष्टींमधल्या ६० फुटी राक्षसांची मांडी पहिल्याच पावलाला मोडेल, असे दाखवले. हे हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. सर्वांत मोठे डायनासोर ७० टनांच्या आसपास गेले असावेत असा अंदाज आहे. पण ते खांबासारख्या चार पायांवर उभे होते, गॉडझिलासारखे दोन पायांवर ताठ नव्हे.

चित्रपटवाले कधीकधी वजनावर सूट घेतात. ‘पॅसिफिक रिम’मधल्या त्या ७९ मीटरच्या यंत्रमानवाचे वजन १,९८० टन सांगितले जाते. माणूस त्या उंचीला ताणला तर सहा हजार टनांच्या वर जाईल. म्हणजे हा पोलादी योद्धा पाण्याच्या एक तृतीयांश घनतेचा. समुद्रात उभा राहण्याऐवजी तो ओंडक्यासारखा तरंगेल.

वेगाचाही घोळ आहे. याच पुस्तकात गॅलिलिओने लंबकाचा नियम दिला : लांबी चौपट केली की झोक्याला दुप्पट वेळ. पाय हाही एक लंबकच. ४५ पट लांब पाय सहजपणे टाकायला साडेसहापटीहून जास्त वेळ लागेल. पडद्यावरचे राक्षस संथ दाखवतात, ते त्यामुळे बरोबरच आहे. उलट त्याने माणसाच्या चपळाईने ठोसा मारायचे ठरवले, तर मूठ सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने जाईल. तो झटका कुठलाच खांदा सोसणार नाही.

पुस्तक बाहेर कसे आले?

गॅलिलिओचे काहीही, नवेसुद्धा, छापायला चर्चची मनाई होती. अखेर हॉलंडमधल्या लायडेनच्या एल्झेव्हिर या प्रकाशकाने १६३८ मध्ये ते छापले. आपल्याला ठाऊक नसतानाच हस्तलिखित छापखान्यात पोहोचले, असा बहाणा लेखकाने अर्पणपत्रिकेत केला. तो कुणाला खरा वाटला असेल असे नाही, पण पुढे कारवाई झाली नाही. छापील प्रत हाती आली तेव्हा ती वाचायला त्याला डोळे उरले नव्हते.

८ जानेवारी १६४२ रोजी तो आर्चेत्रीतच गेला. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये त्याला एका आडबाजूच्या लहान खोलीत पुरण्यात आले. स्मारक उभे राहिले आणि त्यात अवशेष हलवले गेले ते थेट १७३७ मध्ये. त्या वेळी चाहत्यांनी काही बोटे, एक दात आणि पाठीचा एक मणका काढून घेतला. बोट फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहे. मणका पादुआ विद्यापीठात.