नाना फडणवीस व त्यांचा मेणवली येथील वाडा

बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे महादेवाचे देऊळ व त्यालगत बांधीव तळे आहे. खालापूर तालुक्यात ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांपैकी ते पाहिले नाही असा मनुष्य क्वचितच सापडेल. कर्जत तालुक्यातील खांडस गावावरून डोंगर चढून जे लोक भीमाशंकरास गेले असतील, त्यांनी तेथील देवळाचे शिखरही पाहिले असेल. ही दोन्ही कामे एकाच पुरुषाने करविली. बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचे नाव. परंतु सर्व महाराष्ट्र त्यांस नाना फडणवीस म्हणून ओळखतो. त्यांनी स्वतःकरिता बांधलेला वाडा मात्र आपल्या मुलखात नाही. बोरघाट चढून पुण्यास जावे, तेथून साताऱ्याच्या वाटेने वाईस यावे, आणि वाईहून सुमारे कोसभर पुढे कृष्णेच्या काठी मेणवली गाव लागते; तेथे तो उभा आहे. तो प्रवाशांस आतून दाखविला जातो. दाखविणारा खांब, चित्रे, पलंग दाखवितो, आणि पाहणारा मान डोलावून बाहेर पडतो. पण ज्याचा वाडा, त्याचे चरित्र ठाऊक नसेल तर वाडा म्हणजे नुसते लाकूड व दगड. यास्तव ते चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे सोबती होते, आणि 1719 साली दिल्लीच्या दंग्यात ते प्राणास मुकले. तेव्हापासून पेशव्यांच्या घरी भानूंचा मान राहिला व फडणिशी, म्हणजे राज्याचा जमाखर्च पाहण्याचा अधिकार, त्यांच्याकडे चालत आला. नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 रोजी साताऱ्यास झाला. ते किशोरवयात असतानाच वडील वारले आणि दौत-लेखणी त्यांच्या हाती आली. शरीराने सडपातळ, स्वभावाने एकांतप्रिय, तलवारीपेक्षा कागदावर अधिक भरवसा ठेवणारे, असे ते पहिल्यापासूनच होते.

1761 साली पानिपताच्या रणावर ते हजर होते. वय अवघे अठरा-एकोणीस वर्षांचे. सोबत आई व पत्नीही होत्या, कारण त्या मोहिमेत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरूंचा व बायकामुलांचा मोठा समुदाय गेला होता. पराभव होताच जो तो जीव घेऊन पळाला. नाना वेष टाकून, उपाशी, पायी रानोमाळ फिरत वाचले. पत्नी पुढे सुखरूप भेटली. आई मात्र कायमची हरपली. या दिवसांचा वृत्तांत त्यांनी स्वतः लिहून ठेविला आहे. मराठीतील जुन्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात त्यांनी आपल्या तारुण्यातील मनोविकार व दुर्वर्तन झाकून ठेविले नाही. देवापुढे उभे राहून बोलावे तसे ते उघड सांगितले आहे. थोर अधिकाराच्या मनुष्याने असे लिहिणे आजही विरळा. खेद इतकाच, की पुढच्या चाळीस वर्षांविषयी, ज्यांत त्यांच्या हातून खरी मोठी कृत्ये व खऱ्या मोठ्या चुका झाल्या, त्यांनी असे काही लिहिले नाही.

30 ऑगस्ट 1773 रोजी तरुण पेशवे नारायणराव यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला, आणि चुलते रघुनाथराव गादीवर बसले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके इत्यादी कारभाऱ्यांनी एकजूट करून तिला पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेविले. यालाच बारभाईंचे कारस्थान म्हणतात. 18 एप्रिल 1774 रोजी तिला पुत्र झाला. तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली, आणि राज्य चालविण्याचा भार कारभाऱ्यांवर पडला. हळूहळू इतर मागे पडले व सर्व सूत्रे नानांच्या हाती आली.

रघुनाथराव इंग्रजांस जाऊन मिळाले, आणि त्यातून जे युद्ध पेटले ते आपल्या खोपोलीच्या दारावरूनच गेले. 1778 सालच्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची सुमारे 3,900 फौज पनवेलच्या बाजूने आली व बोरघाट चढून गेली. तिच्याबरोबर सामान वाहणारे 19,000 बैल होते. आपल्या गावचा शेतकरी हा आकडा वाचून लगेच विचारील की, एवढ्या बैलांना वैरण कोणी घातली? तोच प्रश्न त्या फौजेसही पडला. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिली नाही. पुढची गावे ओस करावी, गवत जाळावे, मागची रसद तोडावी, असा क्रम ठेविला. 9 जानेवारी 1779 रोजी इंग्रज तळेगावास पोहोचले, तो तेथे राखच उरली होती. दोन दिवसांनी रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली. वडगावास ते वेढले गेले व तह करून सुटले.

1781 साली जनरल गॉडर्ड याने पुन्हा घाट घेतला आणि खोपोलीस तळ दिला. नानांनी पुण्यातून बोलणी लांबविली, आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या स्वारांनी कोकणातील त्याची रसद मारण्याचा सपाटा चालविला. एप्रिलात गॉडर्ड पनवेलकडे मागे फिरला, तेव्हा खालापूर-चौकच्या झाडीतून जाताना त्याची चारशेंहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. पुढच्या वर्षी सालबाईचा तह झाला. या विजयाचे श्रेय शूर सरदारांचे खरे. पण कोणत्या खिंडीत किती स्वार, कोणत्या किल्ल्यावर किती दाणा, याचा हिशेब एका फडात ठेविला जात होता आणि त्या फडाचा धनी नाना होते. मात्र जी गावे ओस झाली, जे गवत जळले, ते कोणा कुणब्याचे होते, हेही वाचताना विसरू नये. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

आता वाड्याकडे येऊ. मेणवलीची जमीन नानांस 1768 च्या सुमारास मिळाली. तेथे त्यांनी कृष्णेस प्रशस्त घाट बांधिला, शंकराचे व विष्णूचे अशी देवळे उठविली, आणि त्यांच्या पाठीशी सहा चौकांचा वाडा बांधिला. बाहेरून पाहता हे घर नव्हे, गढीच वाटते: उंच भिंत, बुरूज, आणि मोठा दरवाजा. आत शिरल्यावर एकामागून एक चौक लागतात. सागवानी खांब, कोरीव तुळया, जाड भिंतींतून चढणारे अरुंद जिने, आणि भिंतींवर त्या काळची रंगीत चित्रे. एक मनुष्य वर चढत असता दुसऱ्यास बाजूने जाता येऊ नये असे ते जिने आहेत. ज्याने पेशव्याचा खून झालेला पाहिला, तो असे जिने बांधील यात नवल नाही.

पाहणाऱ्याने विशेषतः दोन गोष्टी मनात धराव्या. पहिली दप्तर. नानांनी कागद फाडून टाकणे जाणलेच नाही. निरनिराळ्या दरबारांतील वकिलांची पत्रे, बातमीदारांच्या खबरा, जमाखर्च, सर्व जपून ठेविले, आणि त्यांतील मोठा संग्रह या वाड्यात शंभर वर्षांहून अधिक काळ पडून होता. पुढे तो द. ब. पारसनीस प्रभृती संशोधकांच्या उपयोगी पडला, आणि मेणवली दप्तर या नावाने प्रसिद्ध झाला. पेशवाईच्या उत्तरकाळाविषयी आपणांस जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग या काटेकोर सवयीमुळे वाचला आहे.

दुसरी गोष्ट वाड्याबाहेर, घाटावर आहे. एका लहानशा देवळीत पंचधातूची प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिजवर बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृती व 1707 हा सनाचा आकडा आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगिजांपासून वसई घेतली, तेव्हा तेथील देवळांच्या घंटा लुटीत आल्या व देशावरील ठिकठिकाणच्या देवस्थानांत वाटल्या गेल्या. तीपैकी ही एक. भीमाशंकरास शनीच्या देवळापाशी जी मोठी घंटा दिसते, तीही वसईचीच. आपल्यापैकी कोणी ही घंटा पाहून दुखावेल, तर कोणास कौतुक वाटेल. खरे म्हणजे त्या काळी जिंकणारा जिंकलेल्याच्या देवालयास हात लावीतच असे. पोर्तुगिजांनीही वसई व साष्टी प्रांतांत हिंदूंच्या देवळांची गय केली नव्हती. घंटेचा आवाज मात्र दोन्ही ठिकाणी तोच राहिला असावा.

सालबाईच्या तहानंतर दहाबारा वर्षे नानांचा अंमल निष्कंटक चालला. वसूल वेळेवर येई, न्याय होई, आणि दूरदूरच्या दरबारांत काय शिजते ते पुण्यास कळे. 1795 च्या मार्चमध्ये खर्डा येथे निजामाचा पराभव झाला, तेव्हा सर्व सरदार अखेरचे एका झेंड्याखाली दिसले. परंतु घरात एक गोष्ट बिघडत होती. ज्या बालकास नानांनी शत्रूपासून वाचविले, त्यास त्यांनी वाढूच दिले नाही. सवाई माधवराव वीस वर्षांचे झाले तरी कोणास भेटावे, काय बोलावे, हे नानाच ठरवीत. रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव कैदेत होता. त्याच्याशी तरुण पेशव्याने गुप्तपणे पत्रव्यवहार केला असे उघडकीस आले, तेव्हा नानांनी त्यास कठोर शब्द लाविले असे सांगतात. त्या ऑक्टोबरात पेशवे शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली कारंज्यावर पडले, व दोन दिवसांनी वारले. कोणी म्हणतात, त्यांनी उद्वेगाने उडी टाकली. कोणी म्हणतात, तापाच्या भ्रमात तोल गेला. या वादाचा निकाल येथे लावण्याचे प्रयोजन नाही. तथापि एवढे म्हणावेच लागेल की, ताप असो की उद्वेग, एकवीस वर्षांच्या त्या तरुणाजवळ मन मोकळे करावयास वाड्यात एकही मनुष्य नव्हता, आणि तशी व्यवस्था नानांनीच करून ठेविली होती. सर्व कागद ज्यांस वाचता येत, त्यांस हे एक मन वाचता आले नाही.

पुढची पाच वर्षे दुःखाची. ज्या बाजीरावास टाळावयाचे, तोच पेशवा झाला. जीव वाचविण्याकरिता नानांस वाईस व तेथून घाट उतरून महाडास पळावे लागले. ते कारस्थाने करून पुन्हा पुण्यास अधिकारावर आले खरे, पण 31 डिसेंबर 1797 रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीस गेले असता त्यांस कैद झाली. शिंद्यांच्या पदरी मायकेल फिलोज नावाचा नेपल्सकडील सेनापती होता. त्याने केसासही धक्का लागणार नाही असे शपथेवर वचन दिले होते, आणि त्याच्याच पलटणीने त्यांस धरले. जन्मभर कोणावर विश्वास न ठेवणाऱ्या नानांनी उतारवयात ठेविला तो एका ख्रिस्ती म्हणविणाऱ्याच्या शपथेवर, आणि ती मोडली गेली. आमच्या लोकांनी ही गोष्ट लपवू नये. सहासात महिने ते अहमदनगरच्या किल्ल्यात होते. सुटल्यावर पुन्हा कारभारात आले, पण अंगात बळ उरले नव्हते. 13 मार्च 1800 रोजी पुण्यास त्यांनी देह ठेविला. त्यांच्या मागे फडाची, खजिन्याची व किल्ल्यांची लूट करण्यास बाजीराव व शिंदे दोघेही टपले होतेच.

मेणवलीच्या वाड्यात फिरताना आणखी एक गोष्ट दाखविणाऱ्यास अवश्य विचारावी: बायका कोठे राहत? कारण नानांनी नऊ लग्ने केली. पुत्र व्हावा ही एकच आस होती. झालेली मुले जगली नाहीत. एका मागून एक मुलगी या घरात आणली गेली. ते वारले तेव्हा दोन पत्नी हयात होत्या. त्यांपैकी बगाबाई पंधरवड्यातच मरण पावली. दुसरी जिऊबाई. तिचे वय नऊ वर्षांचे होते.

नानांचा विश्वासू किल्लेदार धोंडोपंत निजसुरे याने लोहगड धरून ठेविला होता, व जिऊबाई तेथे त्याच्या आश्रयास राहिली. तिच्या नवऱ्याचे द्रव्य या किल्ल्यावर आहे असा सर्वांचा समज असल्यामुळे तिजवर बाजीरावाची नजर होती. शेवटी जनरल वेलस्ली याने मध्यस्थी केली: किल्ला पेशव्यांस द्यावा, जिऊबाईस सालिना 12,000 रुपये नेमणूक मिळावी, आणि तिने इंग्रजांच्या रक्षणाखाली पनवेलीस राहावे. मेणवलीचा वाडा पुढे तिच्याकडे आला. तिने दत्तक घेतला, व त्या वंशात तो चालत राहिला. पण त्या वेळी ती मुलगी तेरा वर्षांचीही नसेल. लोहगडाहून पनवेलीस जाण्याची सरळ वाट म्हणजे बोरघाट. घाट उतरला की पहिला मुक्काम खोपोली, आणि तेथे पाणी नवऱ्याने बांधलेल्या तळ्याचे.