बदरुद्दीन तय्यबजी : परदेशातून आणलेली अमानत

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलाला वा मुलीला शिक्षणासाठी दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या शहरात, प्रसंगी दुसऱ्या देशात पाठवावे काय? पाठविले तर दीन हातचा जाईल ही भीती, न पाठविले तर पुढील आयुष्याची वाट अडेल ही चिंता. हा प्रश्न आजचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईतील एका व्यापारी पित्यापुढेही तो उभा होता. त्या पित्याचे नाव मुल्ला तय्यब अली. ज्या मुलांच्या बाबतीत त्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले, त्यांपैकी एक म्हणजे पुढे न्यायमूर्ती झालेले बदरुद्दीन तय्यबजी.

बदरुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी झाला. घराणे मूळचे खंभातचे, सुलेमानी बोहरा जमातीतील. बालपणीचे शिक्षण मदरशात झाले. उर्दू आणि फारसीचा पाया तेथेच घातला गेला. त्यानंतर पित्याने त्यांना मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल केले. हा पहिला बदल होता आणि तो लहान नव्हता. इंग्रजी शाळेकडे संशयाने पाहणारी मुस्लिम घरे त्या काळी पुष्कळ होती. तय्यब अली यांनी मात्र मदरशाचे शिक्षण आणि शाळेचे शिक्षण यांना एकमेकांचे वैरी मानले नाही. एकाने पाया दिला, दुसऱ्याने त्यावर भिंती उभाराव्यात, असा त्यांचा व्यवहार होता.

डोळ्यांच्या विकारामुळे बदरुद्दीन यांना उपचारासाठी फ्रान्सला जावे लागले. १८६० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते लंडनच्या न्यूबरी हाय पार्क कॉलेजात दाखल झाले. आज विमानाने काही तासांत होणारा हा प्रवास तेव्हा आठवड्यांचा होता. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी जहाजातून उतरून इजिप्तचा भूभाग ओलांडावा लागे आणि पुढे दुसरे जहाज धरावे लागे. ज्या वयात मूल घराच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू लागते, त्या वयात हा मुलगा नवी शाळा, नवी भाषा आणि नव्या रीतिभाती यांच्यामध्ये जाऊन बसला. मात्र त्याच्या आधी थोरले बंधू कमरुद्दीन इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर झाले होते. घरातील एकाने चाललेली वाट दुसऱ्याला कमी परकी वाटते.

लंडनची मॅट्रिक उत्तीर्ण करून १८६३ मध्ये त्यांनी कायद्याच्या अभ्यासासाठी मिडल टेंपलमध्ये प्रवेश घेतला. आणि येथेच परीक्षेचा खरा काळ आला. दृष्टी पुन्हा मंदावू लागली. कायद्याचा विद्यार्थी आणि डोळे साथ देईनात! १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. वय अवघे वीस वर्षांचे, हाती पदवी नाही, प्रकृती ठीक नाही. अशा वेळी समाज काय म्हणतो, हे आपण सारे जाणतो. परंतु सुमारे वर्षभराने, १८६५ च्या उत्तरार्धात, ते पुन्हा इंग्लंडला गेले, सोडलेला अभ्यास हाती घेतला आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते मुंबईस आले आणि मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले.

ही कथा येथेच संपली असती, तर ती एका यशस्वी वकिलाची कथा ठरली असती. तिचे मोल पुढील भागात आहे. शाळा बदलण्याची, समुद्रापार जाण्याची, आजारपणात परतून पुन्हा जाण्याची संधी बदरुद्दीन यांना मिळाली, कारण पित्याची ऐपत होती. ज्यांच्या पित्याची ऐपत नव्हती, त्या मुलांचे काय? १८७४ मध्ये बंधू कमरुद्दीन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८८० मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली आणि १८९३ मध्ये बोरीबंदर स्थानकासमोरील भव्य वास्तूत ती गेली. जे शिक्षण त्यांना सातासमुद्रापार शोधावे लागले, ते सामान्य मुस्लिम मुलाला आपल्याच शहरात मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

सार्वजनिक जीवनातही त्यांनी आपल्या विद्येचा उपयोग केला. १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. या पदावर बसणारे ते पहिले मुस्लिम होत. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन मंजूर केला तो न्यायमूर्ती तय्यबजी यांनीच. सरकारची नाराजी किंवा आरोपीचा धर्म यांपैकी कशाचाही भार न्यायाच्या तराजूत पडू नये, ही इस्लामची शिकवण आहे. त्या न्यायासनावरून ती कृतीत उतरली.

आपल्या मुलींनाही त्यांनी शाळेत घातले आणि १९०४ मध्ये दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. पडद्याविषयीची त्यांची मते मात्र त्या काळी अनेक उलेमांना मान्य नव्हती. आजही त्यांविषयी मतभेद राहतील. परंतु मतभेदामुळे एखाद्याच्या उपकारांवर पडदा टाकणे उचित नाही.

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. ज्या शहरात ते विद्यार्थी म्हणून गेले होते, तेथेच जीवनयात्रा संपली. आयुष्यभराचे कार्य मात्र मुंबईत उभे होते.

वाचक बंधू-भगिनींनो, मुलाला दूर पाठवावे की नाही, याचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडणार नाही. परंतु तय्यब अली यांच्या घरातून काही गोष्टी शिकता येतात. त्यांनी आधी पाया पक्का केला आणि मगच मुलाला दूर पाठविले. शिक्षणात खंड पडला तेव्हा त्यास कायमचे अपयश मानले गेले नाही. आणि मुलानेही परतल्यावर मिळालेली विद्या स्वतःची मालमत्ता न समजता अमानत समजली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अल्लाहजवळ उपयुक्त ज्ञानाची दुआ केली आणि लोकांना लाभदायक ठरणारे ज्ञान मृत्यूनंतरही पुण्य देत राहणाऱ्या कर्मांत गणले. म्हणून मुलाची बॅग भरताना त्याने कोणती पदवी आणावी एवढेच सांगू नका. परतल्यावर ती कोणाच्या कामी यावी, हेही सांगा.

अल्लाह आपल्या मुला-मुलींना उपयुक्त ज्ञान आणि ते वाटण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.