हॉवर्ड ॲशमन : कार्टूनपटाचा गीतकार

चित्रपट पाहणे वेगळे आणि डोळे मिटून नुसती त्याची गाणी ऐकणे वेगळे. ‘द लिटल मर्मेड’ या १९८९ च्या कार्टूनपटाची गाणी मी अशी पडद्यावाचून ऐकली आणि थक्क झालो. चित्रे नसतानाही कथा कोठेच अडत नव्हती. ॲलन मेन्केनच्या चालींची वाहवा पुष्कळ झाली. पण त्या चालींना शब्द देणारा हॉवर्ड ॲशमन आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ॲशमनचा जन्म १७ मे १९५० रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाला. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला आला आणि एका छोट्या नाट्यसंस्थेचा कलादिग्दर्शक झाला. माणसे खाणाऱ्या रोपट्यावरचे ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हे त्याचे व मेन्केनचे संगीत नाटक १९८२ मध्ये गाजले. १९८६ चे ‘स्माइल’ मात्र ब्रॉडवेवर ४८ प्रयोगांतच आटोपले. त्यानंतर तो डिस्नेकडे वळला.

तेथे त्याने रंगभूमीचे शास्त्र नेले. पात्राला नुसते बोलणे अपुरे पडू लागले म्हणजेच त्याने गावे, आणि गाणे संपेपर्यंत कथा पुढे सरकलेली असावी, हा त्याचा दंडक. संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला हे नवे वाटू नये. कार्टूनपटाला मात्र त्याने नवी जान आली. अँडरसनच्या डॅनिश कथेवरील या चित्रपटात खेकड्याला वेस्ट इंडीजचा करावे, ही सूचना त्याचीच. त्यामुळे कॅलिप्सोचा ठेका समुद्राच्या तळाशी पोचला!

जलपरी मनुष्यलोकाची ओढ व्यक्त करते ते गाणे तर कापलेच जाणार होते. चाचणी खेळाच्या वेळी मुले चुळबुळ करू लागली आणि स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी ते वगळावे असे ठरवले. ॲशमन हटून बसला. त्याचे म्हणणे रास्त होते. नायिकेला काय हवे आहे हेच कळले नाही, तर पुढे तिच्यासाठी जीव कासावीस कशाला होईल? गाणे राहिले.

१९८८ मध्ये आपल्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे त्याला कळले होते. त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता आणि समाजात त्याचा धसका मोठा. त्याने ही गोष्ट बहुतेक सहकाऱ्यांपासून लपवली. मार्च १९९० मध्ये गीताचे ऑस्कर मिळाले, त्यानंतर त्याने मेन्केनला ती सांगितली. पुढे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची मंडळी त्याच्या घराजवळ, न्यूयॉर्क राज्यातील फिशकिल येथील हॉटेलात येऊन काम करू लागली.

या चित्रपटाचे आरंभीचे गीत मी कितीदा ऐकले याची गणती नाही. पाचएक मिनिटांत गावची सकाळ उजाडते, बाजार भरतो, पुस्तकवेड्या मुलीकडे लोक कसे पाहतात ते कळते, आणि तिच्यावर डोळा ठेवणारा आढ्यतेखोर शिकारीही येऊन जातो. इतके सांगायला एखाद्या नाटककाराला अख्खा प्रवेश लागला असता. शेवटाकडे गावकरी मशाली घेऊन राजवाड्यावर चाल करतात, त्या गीतात काहींना ॲशमनच्या दुखण्याविषयीची समाजाची भीती ऐकू येते. येत असेलही. पण केवळ तेवढ्यासाठी ते ऐकणे मला पटत नाही. मरणाच्या दारातला माणूस सराईत हाताने जमावाचा प्रवेश रचतो आहे, खलपुरुषाच्या तोंडी चपखल यमके घालतो आहे. मला त्या कसबाचेच अधिक नवल वाटते.

१४ मार्च १९९१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो गेला. चित्रपट त्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा पहिला कार्टूनपट ठरला. मार्च १९९२ मध्ये त्याच्या शीर्षकगीताला मिळालेले ऑस्कर ॲशमनचा जोडीदार बिल लाउच याने स्वीकारले. १९९२ च्याच ‘अलादिन’मध्ये त्याची तीन गाणी आहेत. मुलाने आईला उद्देशून म्हटलेले चौथे मात्र, आईचे पात्रच कथेतून काढल्यामुळे, गळाले. २०१४ मध्ये ‘अलादिन’ ब्रॉडवेवर आले, तेव्हा ते गाणे रंगमंचावर पुन्हा म्हटले गेले.