विश्लेषण : दगडांवरील ओरखड्यांतून हिमयुग ओळखणारे लुई अगासी वादग्रस्त का ठरले?

युरोप आणि उत्तर अमेरिकेचा मोठा भाग एकेकाळी बर्फाखाली होता, हे आज शाळेच्या पुस्तकातही असते. १८३७ मध्ये मात्र ही कल्पना मांडणाऱ्याची खिल्ली उडवली गेली. ती मांडणारे स्विस शास्त्रज्ञ लुई अगासी यांनी हिमनद्यांबाबत पुरावा पाहून स्वतःचे मत बदलले होते. पुढे उत्क्रांती आणि मानववंश या विषयांत मात्र ते अखेरपर्यंत आपल्या मतावर अडून राहिले.

लुई अगासी कोण होते?

अगासी यांचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिए गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. अगासी यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण ओढा होता माशांकडे. १८३२ मध्ये ते न्यूशातेल येथे प्राध्यापक झाले. जीवाश्म माशांवरील त्यांच्या ग्रंथमालेने तिशीच्या आतच त्यांना युरोपभर नाव मिळवून दिले. हिमनद्यांशी तोवर त्यांचा फारसा संबंध नव्हता.

कोडे नेमके काय होते?

न्यूशातेलजवळच्या जुरा डोंगररांगा चुनखडीच्या आहेत. पण त्यांच्या उतारांवर घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे पडलेले होते. असा ग्रॅनाइट सापडतो सुमारे १०० किलोमीटर दूर, आल्प्समध्ये. मग हे धोंडे इथे आले कसे? महापुराने किंवा समुद्रात तरंगणाऱ्या हिमखंडांनी ते वाहून आणले, असे बहुतेक अभ्यासक मानत.

आल्प्समधील एक शिकारी पेरोदाँ यांचे म्हणणे वेगळे होते. हिमनद्या पूर्वी कितीतरी खालपर्यंत पसरल्या होत्या, हे त्यांनी दगडांवरील ओरखड्यांवरून ताडले होते. अभियंते व्हेनेट्झ आणि मिठाच्या खाणींचे संचालक शार्पांतिए यांनी ही कल्पना पुढे नेली. अगासी यांना ती पटली नव्हती. १८३६ च्या उन्हाळ्यात ते शार्पांतिए यांच्याकडे बे येथे राहिले, खुणा स्वतः पाहिल्या आणि त्यांचे मत पालटले.

२४ जुलै १८३७ रोजी न्यूशातेलमध्ये स्विस निसर्गविज्ञान संस्थेच्या सभेत अध्यक्ष अगासी माशांवर बोलतील, अशी अपेक्षा होती. ते बोलले विराट हिमआवरणावर. सभेत खळबळ उडाली. हितचिंतक हम्बोल्ट यांनीही त्यांना माशांकडे परतण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही.

हिमनदी डोंगर कशी कोरते?

बर्फाचे थर साचून घट्ट होतात आणि स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागतात. तळाशी अडकलेले दगड खालचा खडक सँडपेपरसारखा घासतात. त्यामुळे खडक गुळगुळीत होतो आणि त्यावर प्रवाहाच्या दिशेने समांतर ओरखडे उमटतात. पाण्याची नदी साधारणपणे इंग्रजी व्ही आकाराची दरी खोदते, तर हिमनदी यू आकाराची. बर्फ वितळला की वाहून आणलेल्या दगडमातीचे ढीग, म्हणजे हिमोढ, मागे राहतात आणि खोलगट भागांत तलाव तयार होतात.

अशा खुणा महाराष्ट्रातही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील इरई येथे चुनखडीच्या खडकावर हिमाने पाडलेले ओरखडे १८७० च्या दशकात नोंदवले गेले. ते मात्र अगासी यांच्या हिमयुगातले नाहीत. भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता तेव्हाचे, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

हिमनदीचा वेग कसा मोजला?

स्वित्झर्लंडच्या उंटरआर हिमनदीवर हुगी या अभ्यासकाने १८२७ मध्ये बांधलेली झोपडी १८३९ मध्ये अगासी यांना एक किलोमीटरहून अधिक खाली सरकलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी तिथेच एका प्रचंड धोंड्याच्या आडोशाला तळ ठोकला. बर्फात ओळीने खांब रोवून त्यांची जागा वर्षानुवर्षे मोजली. हिमनदी मध्यभागी जलद आणि कडेला संथ सरकते, हे त्यातून दिसले. बर्फातील एका खोल विवरात ते दोराने उतरले, तेव्हा तळाच्या गार पाण्यात बुडता बुडता वाचले.

श्रेय केवळ त्यांचेच का?

नाही. हिमयुगासाठीचा जर्मन शब्द त्यांचे मित्र कार्ल शिम्पर यांनी दिला होता. १८४० मध्ये अगासी यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ शार्पांतिए यांच्या ग्रंथाआधी बाजारात आला आणि दोन्ही मित्र दुरावले. शिवाय आधी बर्फ पसरला आणि नंतर आल्प्स उंचावला, हे अगासी यांचे म्हणणे चुकीचे ठरले. विखुरलेल्या खुणांना एका व्यापक हिमयुगाच्या कल्पनेत गुंफून ती जगाच्या गळी उतरवण्याचे काम मात्र त्यांचे.

डार्विन यांच्याशी तुलना का होते?

स्कॉटलंडच्या ग्लेन रॉय खोऱ्यात डोंगरउतारांवर एकावर एक आडव्या रेषा दिसतात. त्या जुन्या समुद्रकिनाऱ्याच्या खुणा आहेत, असे चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये मांडले. अगासी १८४० मध्ये तिथे गेले. हिमनदीने पाणी अडवून तयार झालेल्या तलावाचे ते काठ असल्याचे त्यांनी सांगितले. दोन दशकांनी नवा पुरावा आला तेव्हा डार्विन यांनी आपली चूक मान्य केली.

अगासी १८४६ मध्ये अमेरिकेला गेले, हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि १८५९ मध्ये तिथे प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय उभे केले. त्याच वर्षी डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ आला. अगासी यांनी तो कधीच स्वीकारला नाही. हिमयुगात सगळी जीवसृष्टी नष्ट झाली आणि ईश्वराने ती नव्याने घडवली, असे ते मानत. त्याच्या पुराव्यासाठी १८६५ मध्ये ते ब्राझीलला गेले आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातही हिमनदी होती, असा दावा केला. उष्ण, दमट हवेत खडक कुजूनही गोलसर धोंडे बनतात. त्या मोहिमेतील चार्ल्स हार्ट यांनीच पुढे हा दावा सोडून दिला.

वाद कशावरून?

मानववंश वेगवेगळे निर्माण झाले आणि कृष्णवर्णीय कनिष्ठ आहेत, असे अगासी सांगत. ते सिद्ध करण्यासाठी १८५० मध्ये दक्षिण कॅरोलायनात गुलामांची विवस्त्र छायाचित्रे काढवून घेतली गेली. २०२५ मध्ये हार्वर्डने ती त्याच राज्यातील संग्रहालयाकडे सोपवण्याचे मान्य केले. केंब्रिज शहरातील त्यांच्या नावाच्या शाळेचे नाव २००२ मध्येच बदलण्यात आले.

त्यांच्या हिमयुगाचे आज महत्त्व काय?

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी इतके पाणी बर्फात अडकले होते, की समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळताना उत्तर अमेरिकेत साचलेल्या महाकाय तलावाला १८७९ मध्ये अगासी यांचे नाव देण्यात आले. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी त्याचे गोडे पाणी समुद्रात ओतले गेल्याने अटलांटिकचे प्रवाह मंदावले आणि उत्तर गोलार्धात गारठा वाढला, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. ग्रीनलँडच्या वितळत्या बर्फाकडे आज चिंतेने पाहिले जाते, त्यामागे हाही दाखला आहे.

१४ डिसेंबर १८७३ रोजी अगासी यांचे निधन झाले. केंब्रिजमधील त्यांच्या थडग्यावर आर हिमनदीच्या हिमोढातून आणलेला धोंडा आहे.