कार्ल बार्क्स
कार्ल बार्क्स (२७ मार्च १९०१ – २५ ऑगस्ट २०००) हे अमेरिकन चित्रकथाकार होते. त्यांचा जन्म ऑरेगन राज्यातील मेरिल येथे झाला. १९३५ साली ते वॉल्ट डिझ्नी यांच्या चित्रपटसंस्थेत रुजू झाले. १९४२ मध्ये ती नोकरी सोडून ते डोनाल्ड डक या बदकाच्या चित्रकथा लिहू व रेखाटू लागले. अंकल स्क्रूज हे अतिधनाढ्य पण कंजूष पात्र त्यांनी १९४७ साली निर्माण केले. दूरदर्शनवर हिंदीतून दाखवली गेलेली ‘डकटेल्स’ ही मालिका मुख्यतः त्यांच्याच कथाविश्वावर आधारलेली होती.

अंकांवर केवळ डिझ्नींचे नाव छापले जात असल्याने बार्क्स सुमारे दोन दशके अज्ञात राहिले. वाचक मात्र रेखाटनाच्या शैलीवरून त्यांच्या कथा ओळखत. काही चाहत्यांनी चिकाटीने शोध घेतल्यावर १९६०च्या सुमारास त्यांचे नाव उजेडात आले. १९६६ साली ते निवृत्त झाले. १९७१ पासून डिझ्नी संस्थेच्या परवानगीने त्यांनी याच पात्रांची तैलचित्रे रंगवली व त्यांवर स्वतःची स्वाक्षरी केली. एकेकाळी दहा सेंटना मिळणारे जुने अंक आणि ही स्वाक्षरांकित चित्रे आज संग्राहक मोठी किंमत देऊन विकत घेतात. ऑरेगनमधील ग्रँट्स पास येथे त्यांचे निधन झाले.